संख्यात्मक पर्यायांच्या मर्यादा लायब्ररीत नेमक्या कुठे आणि कशा तपासाव्यात?

नीरा_काठ (प्रश्न)

नमस्कार.

आमच्या गटाकडे पायथॉनमधली एक छोटी लायब्ररी आहे. सर्व्हरवर साचणाऱ्या लॉग फाइली कॉम्प्रेस करून ठरावीक यंत्राकडे पाठवणे एवढेच तिचे काम. तिला पाच संख्यात्मक पर्याय द्यावे लागतात: कॉम्प्रेशनची लेव्हल, पोर्ट क्रमांक, सेकंदांतला टाइमआउट, जोडणी तुटल्यास करायच्या पुनर्प्रयत्नांची संख्या, आणि एकूण नोंदींपैकी किती नोंदी नमुना म्हणून पाठवायच्या हे सांगणारे ० ते १ यांमधले प्रमाण. हे पर्याय तीन वाटांनी येतात. काही जण लायब्ररी आपल्या प्रोग्राममधून थेट वापरतात, काही जण आर्गपार्सवर (कमांड लाइनवरचे पर्याय वाचणारे पायथॉनचे मॉड्यूल) लिहिलेल्या आमच्या कमांडला ते देतात, आणि बहुतेक जण यामल (सेटिंग लिहायचा मजकूर-प्रकार) फाइलीत लिहून ठेवतात.

अडचण अशी आहे की या मूल्यांच्या मर्यादा कोडमध्ये जागोजागी विखुरल्या आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. कमांड लाइनवर पोर्टसाठी आर्गपार्सच्या 'चॉइसेस'मध्ये, म्हणजे मान्य मूल्यांच्या यादीत, १ ते ६५५३५ अशी रेंज दिली आहे, त्यामुळे कोणी मदतीचा मजकूर मागितला की ते सगळे आकडे एकामागून एक पडद्यावर छापले जातात आणि बाकीची माहिती त्यात हरवते. यामल फाइलीतून आलेला पोर्ट मात्र कोणीच तपासत नाही. तिथे ७०००० लिहिले तर प्रोग्राम निमूटपणे सुरू होतो, फाइल वाचतो, कॉम्प्रेस करतो आणि शेवटी जोडणीच्या वेळी सॉकेट मॉड्यूलकडून ओव्हरफ्लोएरर येते, जिच्यात आमच्या सेटिंगच्या नावाचा उल्लेखही नसतो. लेव्हल ९ पेक्षा मोठी दिली तर पाठवणारे फंक्शन ती काही न सांगता ९ करून टाकते. नमुन्याचे प्रमाण ० पेक्षा कमी किंवा १ पेक्षा जास्त असेल तर ते नाकारायचे, अशी अट स्पष्ट लिहिलेली असूनही एका वापरकर्त्याच्या यामल फाइलीतून 'नॅन' हे 'संख्या नाही' असे दर्शवणारे मूल्य आत आले; अटीने ते अडवले नाही आणि एकही नोंद पुढे गेली नाही.

हे सगळे नीट एका पद्धतीत बसवायचे आहे. तपासणी कमांड लाइनच्या स्तरावर असावी की लायब्ररीच्या आत, मर्यादेबाहेरचे मूल्य नाकारावे की जवळच्या टोकावर आणून ठेवावे, आणि टोक धरलेले आहे की वगळलेले आहे हे कोडमध्ये कसे मांडावे, याबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे. केवळ या कामासाठी मोठे अवलंबन जोडण्याची आमची इच्छा नाही, पण त्याला खरोखर पर्याय नसेल तर तेही सांगावे.

सातमाळा

तुमच्या चारही तक्रारींचे मूळ एकच आहे असे मला वाटते. मर्यादा ही पर्यायाच्या व्याख्येचा भाग असायला हवी, आणि तुमच्याकडे ती त्या पर्यायाचा वापर करणाऱ्या प्रत्येक फंक्शनची खाजगी बाब झाली आहे. पर्यायाचे नाव, प्रकार, खालचे टोक, वरचे टोक, प्रत्येक टोक धरायचे की वगळायचे, एकक आणि डिफॉल्ट मूल्य हे सगळे एकाच ठिकाणी घोषित करा, आणि तपासणी, एररचा संदेश, मदतीतला मजकूर व चाचण्या या चारही गोष्टी त्या घोषणेतून तयार होऊ द्या. असे केले की कमांड लाइन आणि यामल यांत फरक पडण्याची शक्यताच उरत नाही, कारण दोन्ही वाटा एकाच दारातून आत येतात.

यंत्र-शिक्षणाच्या सायकिट-लर्न या पायथॉन लायब्ररीने २०२२ मध्ये आलेल्या १.२ आवृत्तीत नेमके हेच केले. त्याआधी प्रत्येक एस्टिमेटर (मॉडेलचा क्लास) आपापल्या परीने तपासत असे आणि संदेशही वेगवेगळे असत. आता प्रत्येक क्लासवर पॅरामीटरांच्या अटींचा एक तक्ता असतो. त्यात 'इंटरव्हल' नावाच्या वस्तूला संख्येचा प्रकार, डावे टोक, उजवे टोक आणि कोणती बाजू बंद आहे हे सांगितले जाते, आणि बंद बाजूसाठी डावी, उजवी, दोन्ही किंवा कोणतीच नाही असे चार पर्याय असतात. संदेशही त्यातूनच तयार होतो: अमुक क्लासचा अमुक पॅरामीटर १ पासून अनंतापर्यंतच्या मर्यादेतला पूर्णांक असायला हवा, मिळाले मात्र ०. मर्यादा गणिताच्या कंसांत छापली जाते. चौकोनी कंस म्हणजे टोक धरलेले आणि गोल कंस म्हणजे टोक वगळलेले. शाळेत अंतराल शिकलेल्या कोणालाही तो संदेश पुरतो. तुमच्या पाच पर्यायांसाठी अशी वस्तू स्वतः लिहायला तीस-चाळीस ओळी पुरतील. त्यासाठी अवलंबन जोडायची गरज नाही.

आता तपासणीच्या जागेबद्दल. ती लायब्ररीच्या सीमेवर, म्हणजे पर्याय धारण करणारी वस्तू तयार होत असताना व्हावी. ही वस्तू फ्रोझन (तयार झाल्यावर न बदलणारा) डेटाक्लास केली आणि निर्मितीनंतर लगेच चालणाऱ्या तिच्या पोस्ट-इनिट मेथडमध्ये तपासणी ठेवली, तर पुढच्या सर्व फंक्शनांना आत आलेली मूल्ये वैध आहेत असे धरून चालता येते. सायकिट-लर्न मात्र हे कन्स्ट्रक्टरमध्ये मुद्दाम करत नाही. तिथे वस्तू तयार झाल्यावरही पॅरामीटर बदलता येतात आणि वस्तूची प्रत काढण्याची त्यांची पद्धत कन्स्ट्रक्टरने मूल्यांना हात लावू नये या गृहीतकावर उभी आहे, म्हणून तपासणी 'फिट'च्या, म्हणजे मॉडेल शिकवण्याच्या वेळी होते. यावरून नियम असा निघतो की मूल्य ज्या क्षणानंतर बदलू शकत नाही, त्या क्षणी ते तपासावे. तुमच्याकडे तो क्षण वस्तूच्या निर्मितीचाच आहे. ही तपासणी 'असर्ट'ने करू नका, कारण पायथॉन ओ-ध्वजासह चालवला की असर्ट वगळले जातात.

आर्गपार्सबद्दल स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, कारण 'चॉइसेस'चा मोह पुष्कळांना पडतो. 'चॉइसेस' हे मोजक्या नावांसाठी आहे. तिथे रेंज दिली की सदस्यत्वाची तपासणी बरोबर होते, पण मदतीत आणि एररच्या संदेशात प्रत्येक मूल्य छापले जाते. 'मेटाव्हार' (मदतीत दाखवायचे नाव) दिल्याने मदतीचा मजकूर आटोक्यात येतो, एररचा संदेश तसाच राहतो. त्याऐवजी 'टाइप' या जागी स्वतःचे फंक्शन द्यावे. त्या फंक्शनने व्हॅल्यूएरर फेकली तर आर्गपार्स तुमचा मजकूर टाकून देते आणि 'अवैध मूल्य' अशा अर्थाचे आपले ठरीव वाक्य छापते. आर्ग्युमेंटटाइपएरर फेकली तर मात्र तुमचा मजकूर जसाच्या तसा दाखवते. तरीही लायब्ररीच्या गाभ्याने आर्गपार्सची एरर फेकणे योग्य नाही, कारण थेट वापरणाऱ्याचा आर्गपार्सशी काहीच संबंध नसतो. गाभ्याने व्हॅल्यूएरर फेकावी आणि कमांडच्या बाजूला दोन ओळींचे वेष्टन लिहून तिचे रूपांतर करावे. डिफॉल्टबद्दलही एक गोष्ट सांगून ठेवतो. आर्गपार्समध्ये डिफॉल्ट मूल्य स्ट्रिंग असेल तरच ते 'टाइप'मधून जाते, आणि संख्या असेल तर न तपासता तसेच स्वीकारले जाते. पायडँटिक ही मूल्ये तपासणारी लायब्ररीही वेगळे सांगितल्याशिवाय डिफॉल्ट तपासत नाही. मर्यादा पुढे कधी बदलली आणि डिफॉल्ट तसेच राहिले, तर हा दोष बराच काळ लपून राहू शकतो.

वशिष्ठी

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. मला 'नॅन'बद्दल आणि मर्यादेच्या आधी करायच्या तपासणीबद्दल लिहायचे आहे, कारण बहुतेक चुका टोकांवर नसून तिथे असतात.

संगणकातल्या दशांश संख्यांच्या आयईईई ७५४ या मानकानुसार 'नॅन'ची कोणत्याही संख्येशी केलेली लहान-मोठेपणाची तुलना खोटी ठरते. तुमची अट 'क्ष ० पेक्षा लहान असेल किंवा १ पेक्षा मोठा असेल तर नाकार' अशी आहे. 'नॅन'साठी दोन्ही भाग खोटे, म्हणून मूल्य पार होते. हीच अट उलट बाजूने लिहा: 'क्ष ० पेक्षा मोठा किंवा समान आणि १ पेक्षा लहान किंवा समान आहे, हे खरे नसेल तर नाकार'. आता 'नॅन' आपोआप अडते. कागदावर दोन्ही अटींचा अर्थ एकच दिसतो, पण यंत्रासाठी तो एक नाही. पुढे तुमच्या नोंदी का थांबल्या तेही यातूनच कळते: यादृच्छिक संख्या प्रमाणापेक्षा लहान आहे का, हा प्रश्न 'नॅन'बाबत दर वेळी 'नाही' असेच उत्तर देतो, आणि एररही येत नाही. 'नॅन' आत येण्याच्या वाटाही अनेक आहेत. पायथॉनचे फ्लोट फंक्शन तो शब्द स्वीकारते, यामल आणि टॉमल या दोन्ही सेटिंग-प्रकारांत त्याचे अधिकृत रूप आहे, आणि पायथॉनचे जेसन मॉड्यूलसुद्धा मानकात नसताना तो वाचते. अनंताचेही तसेच आहे. टाइमआउटला वरचे टोक ठेवले नाही तर अनंत बिनबोभाट आत येईल, म्हणून मर्यादेसोबत 'मूल्य सान्त आहे का' ही अट स्वतंत्रपणे ठेवणे मला जास्त सुरक्षित वाटते.

पूर्णांकांची गोष्ट वेगळी आहे. पायथॉनमध्ये बूलियन हा पूर्णांकाचा उपप्रकार आहे, त्यामुळे 'ट्रू' हे मूल्य प्रकाराच्या तपासणीतून पार होऊन १ म्हणून वावरते. पाययामल (पायथॉनमध्ये यामल वाचणारी लायब्ररी) हे यामलच्या १.१ आवृत्तीप्रमाणे चालते आणि त्यात 'येस' किंवा 'ऑन' लिहिले की 'ट्रू' मिळते. म्हणजे पुनर्प्रयत्नांच्या पुढे कोणी 'येस' लिहिले तर तुमची लायब्ररी बिनतक्रार एक पुनर्प्रयत्न करेल. त्याच आवृत्तीत विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी जोडलेले आकडे साठ पायाच्या पद्धतीने वाचले जातात, त्यामुळे २२:२२ ची संख्या १३४२ होते, आणि ती पोर्टच्या मर्यादेत अगदी व्यवस्थित बसते. ०१० हे अष्टमान समजून ८ होते. उलट १ई३ अशी घातांकाची संख्या, मध्ये दशांशचिन्ह नसल्यामुळे, पाययामल स्ट्रिंग म्हणून देते. हे सारे मर्यादेच्या तपासणीने पकडता येत नाही. म्हणून प्रकार आधी आणि मर्यादा नंतर हा क्रम कधीही मोडू नका. बूलियनला वेगळी अट लिहून अडवा. बाकी पूर्णांकांसाठी ऑपरेटर मॉड्यूलमधले 'इंडेक्स' फंक्शन वापरा. त्यातून नमपाय या गणिती लायब्ररीचे पूर्णांक पार होतात आणि ५.० सारखी दशांश संख्या टाइपएरर देऊन थांबते.

आपल्या वाचकांच्या उपयोगाची आणखी एक गोष्ट. पायथॉनचे इंट फंक्शन युनिकोडमधले सर्व दशमान अंक स्वीकारते, त्यामुळे देवनागरीत '८०८०' ही स्ट्रिंग दिली तरी बरोबर तीच संख्या मिळते. ही सोय चांगली आहे आणि ती मोडावी असे मी म्हणणार नाही. परंतु तपासून झाल्यावर मूळ स्ट्रिंगच पुढे दुसऱ्या प्रोग्रामला दिली तर तिथे घोटाळा होईल, कारण जावास्क्रिप्टमधले नंबर फंक्शन याच अंकांना 'नॅन' ठरवते आणि रस्टची पूर्णांक वाचणारी पद्धत एरर देते. ३.६ आवृत्तीपासून अंकांमध्ये अधोरेषा घातलेली चालते, तिलाही हेच लागू आहे. तेव्हा तपासलेली संख्या हीच पुढे जाऊ द्या आणि मजकूर तिथेच सोडून द्या.

पिंपळपार

मूल्य नाकारावे की टोकावर आणून ठेवावे, या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. टोकावर आणण्याच्या बाजूने थोडे बोलावे असे वाटते, कारण ही पद्धत सरसकट वाईट ठरवली जाते.

झीस्टँडर्ड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या सी भाषेतल्या हेडर फाइलीत असे लिहिले आहे की प्रत्येक पॅरामीटरला मर्यादा आहेत, त्या एका फंक्शनने विचारून घेता येतात, आणि मर्यादेबाहेरचे मूल्य दिल्यास पॅरामीटरनुसार ते टोकावर आणले जाईल किंवा एरर येईल. कॉम्प्रेशन लेव्हल ही टोकावर आणली जाणाऱ्यांपैकी आहे. यामागे विचार आहे. लेव्हल ही 'किती कष्ट घ्यायचे' याची सूचना असते. ती थोडी बदलली तरी उलगडल्यावर मिळणारी फाइल अक्षरशः तीच राहते. आवृत्तीगणिक कमाल लेव्हल वेगळी असू शकते, आणि केवळ त्यामुळे रात्रीचा बॅकअप थांबावा हे कोणालाच नको असते. दुसरे उदाहरण गणनेतून आलेल्या मूल्यांचे. ०.१ गुणिले ३ यांचे उत्तर यंत्राच्या द्विमान अंकगणितात ०.३०००००००००००००००४ येते. वरचे टोक ०.३ असेल तर माणसाच्या दृष्टीने बरोबर असलेले मूल्य नाकारले जाईल. अशा वेळी सूक्ष्म फरक माफ करून टोकावर आणणे मला रास्त वाटते.

सातमाळा

पिंपळपार यांचे दुसरे उदाहरण मला पूर्ण मान्य आहे, पण ते गणनेतल्या सूक्ष्म त्रुटीविषयीचे आहे आणि त्याची सूट अगदी लहान व लिखित असावी. पहिल्याबाबत मात्र मतभेद नोंदवतो. झीस्टँडर्डचे वागणे त्यांच्या दस्तऐवजात नोंदलेले आहे आणि खरी मर्यादा विचारण्याची सोयही तिथे दिलेली आहे, म्हणून ते क्षम्य ठरते. तुमच्या फंक्शनमध्ये दोन्हींपैकी काहीच नाही. ज्याने लेव्हल १९ लिहिली, त्याने बहुधा झीस्टँडर्ड मनात धरून ती लिहिली असेल. त्याला झीलिब या दुसऱ्या कॉम्प्रेशन लायब्ररीची ९ देऊन गप्प बसलात तर डिस्क का भरते आहे हे तो चुकीच्या ठिकाणी शोधत राहील.

मूल्य परस्पर बदलण्याचा सर्वांत कठोर नमुना जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये पाहायला मिळतो, जरी ते सोबत इशारा छापते. तिथे ठरावीक वेळानंतर काम चालवणाऱ्या सेटटाइमआउटला २१४७४८३६४७ पेक्षा मोठा विलंब दिला तर तो १ मिलिसेकंद धरला जातो. हा आकडा म्हणजे ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकाची कमाल, दिवसांत साधारण पंचवीस. महिन्याभरानंतर चालवायचे काम लगेच चालते, आणि तेही मूल्य बाहेर गेले म्हणून जवळच्या टोकावर आलेले नसते, तर थेट विरुद्ध टोकाला गेलेले असते.

आणखी एक तांत्रिक अडचण विचारात घ्या. टोक वगळलेले असेल तर मूल्य नेमके कुठे आणून ठेवणार? कमांड लाइनसाठीच्या क्लिक लायब्ररीच्या ८.० आवृत्तीत उघड्या टोकांची सोय आली. दशांश संख्यांच्या मर्यादेत टोक उघडे ठेवून सोबत 'क्लॅम्प'ही (टोकावर आणणे) मागितला तर ती टाइपएरर देते, आणि मला ते योग्य वाटते. क्लिकमध्येही टोकावर आणणे हे डिफॉल्ट नाही. ते वेगळे मागावे लागते. तुम्हीही तसेच करा: नाकारणे हा नियम ठेवा, आणि ज्या पर्यायाबाबत टोकावर आणणे खरोखर हवे असेल तिथे घोषणेतच तसे लिहा आणि बदल झाला की लॉगमध्ये इशारा द्या.

नीरा_काठ

सर्वांचे मनापासून आभार. घोषणा एका जागी आणायला आम्ही सुरुवात केली आहे, आणि 'नॅन'ची अट उलटवल्यावर ते मूल्य अडते हे पडताळून पाहिले. करताना दोन अडचणी लक्षात आल्या. आमच्याकडे कॉम्प्रेशनसाठी झीलिब, बीझेड२ आणि एलझेडएमए यांपैकी एक निवडता येते, आणि प्रत्येकाची लेव्हल वेगळी आहे. शिवाय काही मूल्ये मर्यादेत बसतात पण त्यांचा अर्थ निराळा असतो, जसे लेव्हलसाठी −१ किंवा पोर्टसाठी ०. एकाच खालच्या-वरच्या टोकात हे कसे मांडावे?

सातमाळा

ते एका मर्यादेत मांडूच नका. विशेष अर्थाचे मूल्य हा वेगळा प्रकार आहे, केवळ संयोगाने तो संख्येच्या वेषात आलेला आहे.

झीलिबमध्ये ० म्हणजे अजिबात कॉम्प्रेस न करणे, १ सर्वांत जलद, ९ सर्वांत घट्ट, आणि −१ म्हणजे 'लायब्ररीच्या पसंतीचे डिफॉल्ट', जे सध्या ६ च्या बरोबरीचे आहे. मर्यादा −१ ते ९ अशी लिहिली की −१ हे ० पेक्षाही कमी कॉम्प्रेशन आहे असा वाचणाऱ्याचा समज होतो. बीझेड२ मध्ये १ ते ९ चालते, ० चालत नाही आणि −१ ही नाही. एलझेडएमए मध्ये प्रीसेट ० ते ९ असते, पण त्यासोबत 'एक्स्ट्रीम' हा ध्वज बिट म्हणून जोडता येतो. तो ३२ वा बिट असल्यामुळे ९ ला जोडल्यावर संख्या २१४७४८३६५७ होते. ती पूर्णपणे वैध आहे आणि कोणत्याही साध्या मर्यादेच्या बाहेर आहे. झीस्टँडर्ड पुढे कधी जोडलेत तर तिथे ० चा अर्थ डिफॉल्ट म्हणजे ३, कमाल २२, आणि ऋण लेव्हल म्हणजे अधिक जलद असा आहे. किमान थेट −१३१०७२ पर्यंत जाते. पायथॉन ३.१४ मधल्या झेडएसटीडी मॉड्यूलमध्ये प्रत्येक पॅरामीटरला 'बाउंड्स' विचारता येतात आणि ती दोन्ही टोके धरून मिळतात. खालच्या लायब्ररीला मर्यादा विचारता येत असेल तर ती आपल्या कोडमध्ये नकलून ठेवू नये, हे यावरून पटावे.

म्हणून माझी सूचना अशी की तुमच्या वापरकर्त्याला लेव्हलसाठी पूर्णांक किंवा 'नन' (पायथॉनमधले 'काहीच नाही' हे मूल्य) एवढेच देऊ द्या. 'नन' आले की निवडलेल्या पद्धतीचे डिफॉल्ट घ्या, आणि एलझेडएमएचा ध्वज स्वतंत्र बूलियन पर्याय करा. मर्यादेचा तक्ता पद्धतीच्या नावाने ठेवा. अर्थात ही तपासणी दोन पर्यायांवर अवलंबून असल्यामुळे ती एकेका मूल्याच्या तपासणीनंतर, संपूर्ण वस्तू हातात असताना करावी लागेल. पोस्टग्रेस ही डेटाबेस-प्रणाली हीच विभागणी पाळते: पूर्णांक सेटिंग घोषित करतानाच किमान आणि कमाल द्यावी लागते, आणि त्यापलीकडच्या अटींसाठी वेगळे तपासणी-फंक्शन जोडता येते. तिचा संदेशही अनुकरणीय आहे, कारण त्यात दिलेले मूल्य, पॅरामीटरचे नाव आणि कंसात दोन्ही टोके एकत्र येतात.

टाइमआउटच्या बाबतीत ० हे टोक वगळाच. सॉकेटला ० दिला की त्याचा अर्थ 'फार थोडा वेळ थांब' असा होत नाही. जोडणी अजिबात न थांबणाऱ्या प्रकारात जाते. 'नन' दिला तर ती कायम थांबते, आणि ऋण मूल्य व्हॅल्यूएरर देते. वरचे टोकही ठेवा, जरी ते तंत्राने भाग पाडलेले नसले तरी. समजा एका तासाची, म्हणजे ३६०० सेकंदांची कमाल ठेवली, तर ज्याने मिलिसेकंद समजून ३०००० लिहिले त्याची चूक तिथल्या तिथे कळेल. पर्यायाच्या नावातच 'सेकंद' हा शब्द आला तर आणखी बरे.

पोर्ट ० बद्दल तुम्हीच ठरवा. ऐकणाऱ्या बाजूला ० म्हणजे 'कोणताही मोकळा पोर्ट दे' असा उपयुक्त अर्थ आहे आणि चाचण्यांत तो लागतो. तुमची लायब्ररी पाठवणारी असल्यामुळे १ पासून ६५५३५ पर्यंत, दोन्ही टोके धरून, हेच योग्य आहे. १०२४ च्या खालचे पोर्ट मात्र मर्यादेतून काढू नका. युनिक्सवर ते उघडून ऐकायला विशेष अधिकार लागतो, त्यांच्याकडे जोडणी करायला लागत नाही.

वशिष्ठी

चाचण्यांबद्दल थोडी भर. प्रत्येक पर्यायासाठी दोन्ही टोके, त्यांच्या एक पाऊल आतले आणि एक पाऊल बाहेरचे मूल्य, शिवाय 'नॅन', दोन्ही अनंत, 'ट्रू' आणि रिकामी स्ट्रिंग, हा संच घोषणेच्या तक्त्यावरून आपोआप तयार करता येतो. दशांश संख्येचे 'एक पाऊल' शोधायला मॅथ मॉड्यूलमधले 'नेक्स्टआफ्टर' ३.९ आवृत्तीपासून उपलब्ध आहे. टाइमआउटचे वगळलेले टोक खरोखर वगळले आहे का, हे ०.० नाकारले जाते आणि त्याच्या लगतची पुढची संख्या स्वीकारली जाते यावरूनच नक्की कळते. डिफॉल्ट मूल्येही त्याच तपासणीतून चालवा, म्हणजे सातमाळा यांनी सांगितलेला लपलेला दोष उरणार नाही.

यामल वाचताना पहिल्या चुकीवर थांबू नका. पाचही पर्याय तपासून सगळ्या चुका एकत्र सांगितल्या, आणि प्रत्येकीसोबत ते मूल्य कोणत्या फाइलीतून आले हेही दिले, तर वापरकर्त्याला फाइल एकदाच दुरुस्त करावी लागते.

पिंपळपार

सातमाळा यांचा लेव्हलबद्दलचा आक्षेप मी मान्य करतो. न सांगता बदल करण्याचे समर्थन मलाही करायचे नव्हते. पण तुमच्या जुन्या वापरकर्त्यांचा प्रश्न शिल्लक राहतो. ज्यांच्या फाइलीत आज लेव्हल १२ आहे आणि सर्व सुरळीत चालले आहे, त्यांचे काम नव्या आवृत्तीत अचानक बंद पडेल. त्यामुळे पुढच्या एका आवृत्तीत मूल्य पूर्वीसारखेच ९ वर आणा, पण सोबत इशारा द्या, आणि त्यानंतरच्या मोठ्या आवृत्तीत नाकारायला लागा. इशाऱ्यासाठी डेप्रिकेशनवॉर्निंग वापरू नका, कारण मुख्य स्क्रिप्ट सोडून इतर मॉड्यूलांत ती डिफॉल्टने दाखवली जात नाही आणि यामल लिहिणाऱ्या माणसापर्यंत पोहोचत नाही. फ्युचरवॉर्निंग ही प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठीच आहे. तिच्या मजकुरात पर्यायाचे नाव, दिलेले मूल्य, वापरलेले मूल्य आणि कोणत्या आवृत्तीपासून ते नाकारले जाईल हे चारही तपशील लिहा.